पावसाळ्यात हॅम्स्टर शिंकतो, खाजवतो, पिंजऱ्याला वास येतो: बेडिंगमधला दोष कसा शोधायचा

मिरगाचा पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की मला फोन येऊ लागतात. "ताई, आमचा सारखा शिंकतो." "काकी, पोटाखालचे केस गेलेत, काय लावू?" वेंगुर्ल्यात आमच्या घरी गेली नऊ वर्षं हॅम्स्टर आहेत. आमच्या स्वतःच्या पिंजऱ्यात तीनदा आणि सावंतवाडी-कुडाळपासून मालवणपर्यंत ओळखीपाळखीच्या घरांतून कितीतरी वेळा मी हा एकच बिघाड निस्तरला आहे. लोक आधी औषध विचारतात. औषधाची वेळ क्वचित येते. बहुतेकदा पिंजऱ्याच्या तळाशी जे अंथरलेलं असतं, म्हणजे बेडिंग, त्यातच कारण सापडतं, आणि ते शोधायला कोरडा हात, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि टिश्यू पेपरचा एक रोल पुरतो.

खाली दिलेल्या क्रमानेच जा. सगळं एकदम बदललंत तर जनावर बरं होईलही, पण कशाने बरं झालं ते कळणार नाही आणि पुढच्या पावसात पुन्हा तिथूनच सुरुवात करावी लागेल.

आधी लक्षणं

उकरताना एखाद-दुसरी शिंक येते, ती सोडून द्या. शांत बसलेला असतानाही शिंका येत असतील, सकाळी एक डोळा चिकटलेला असेल किंवा डोळ्याच्या कडेला पाणी असेल, तर धूळ, मुताचा वास किंवा खोलीतलं दुसरं काहीतरी नाकाला लागतंय. पायांचे तळवे लालसर झालेत, पोटाखालचे केस विरळ झालेत, तर तळाशी ओल आहे. सतत खाजवत असेल तर लाकूड किंवा किडे. रात्रभर तारा चावत बसत असेल तर बेडिंग उथळ आहे.

एक लक्षण फारसं कुणी सांगत नाही, पण मी तेच सगळ्यात आधी विचारते: तो झोपतो कुठे? हॅम्स्टर स्वतःचं घरटं सहजी सोडत नाही. तो घरट्यातला कागद तोंडात धरून चाकाखाली किंवा लाकडी घराच्या छपरावर नेत असेल आणि तिथे झोपत असेल, तर खालचं अंथरूण ओलं आहे असं समजा. आमच्या बुंदीने एका जुलैत तीन रात्री हेच केलं. मला वाटलं, उकडतंय म्हणून वर जाते. चौथ्या दिवशी हात खाली घातला तेव्हा तळाला काळी बुरशी होती.

दोन गोष्टी मात्र बेडिंगमुळे नसतात. सीरियन जातीच्या हॅम्स्टरला कमरेच्या दोन्ही बाजूंना काळसर, थोडे खरबरीत डाग असतात. त्या गंधाच्या ग्रंथी आहेत. लहान जातींमध्ये अशी ग्रंथी पोटाच्या मध्यावर असते. लोक तिला जखम समजून हळद लावतात. लावू नका. दुसरं म्हणजे, दुकानदाराने 'जोडी' म्हणून दोन सीरियन एकाच पिंजऱ्यात दिले असतील आणि मागच्या बाजूला ओरखडे दिसत असतील, तर ते चावे आहेत. सीरियन हॅम्स्टर वयात आला की एकटाच राहतो. आजच दोघांना वेगळं करा. तिथे बेडिंगचा काही संबंध नाही.

आणि शेपटीखाली ओलं व घाण वास, श्वास घेताना पोट जोरात हलणं किंवा टकटक आवाज, पायाला गुंडाळलेला धागा, दिवसभर न रिकामा होणारा फुगलेला गाल, पूर्ण दिवस अन्नाला न शिवणं, यातलं एक जरी दिसत असेल तर तपासण्या सोडा आणि सरळ शेवटचा भाग वाचा.

पहिली तपासणी: नाक खाली न्या

उभ्याने वास घेऊन उपयोग नाही. गुडघ्यावर बसा, झाकण काढा आणि नाक बेडिंगच्या पातळीवर न्या. तुमचा हॅम्स्टर चोवीस तास तिथे श्वास घेतो. डोळ्यांना झोंबणारा, तिखट वास आला तर तो अमोनिया. मुतातला युरिया जिवाणू फोडतात आणि अमोनिया सुटतो. ऊब आणि ओल जितकी जास्त, तितकं हे काम भराभर होतं. म्हणून डिसेंबरात आठ दिवस निभावणारा कोपरा जुलैत तीन दिवसांतच वास मारायला लागतो. मातकट, जुन्या माळ्यासारखा वास आला तर बुरशी.

अमोनियावरचा उपाय फुकटचा आहे. हॅम्स्टर बहुतेक एकाच कोपऱ्यात मुततो. तो कोपरा शोधा आणि तिथलं मूठभर बेडिंग रोज काढून टाका. रोज सगळा पिंजरा धुऊ नका. आपला वास गेलेला दिसला की तो घाबरतो, ठिकठिकाणी नव्याने खुणा करतो आणि वास उलट वाढतो. मोठी साफसफाई करतानाही जुन्यातलं स्वच्छ, कोरडं बेडिंग एक तृतीयांश तरी परत घाला. फिनेल अजिबात नको. कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर, मग साधं पाणी, मग फडक्याने कोरडं.

दुसरी: पाण्याची बाटली

मी पाहिलेल्या ओल्या पिंजऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त पिंजऱ्यांत दोषी बाटलीच निघाली. म्हणून बेडिंगवर पैसे खर्च करण्याआधी हे बघा.

हॅम्स्टर दिवसाला साधारण दर १०० ग्रॅम वजनामागे १० मिलिलिटर पाणी पितो. सीरियन हॅम्स्टर शंभर-दीडशे ग्रॅमचा असतो, म्हणजे दिवसाला १० ते १५ मिलिलिटर. बाटलीवर पेनाने रेघ मारा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा. ३०-४० मिलिलिटर कमी झालं असेल तर ते त्याच्या पोटात गेलेलं नाही. कारणही समजून घ्या: बाटली जितकी रिकामी तितकी आत हवा जास्त. दुपारी हवा तापली की फुगते आणि पाण्याला नळीतून बाहेर ढकलते. अर्धी बाटली भरलेल्या बाटलीपेक्षा जास्त गळते ती यामुळे. बाटली रोज काठोकाठ भरा, आतलं रबर बसलंय का बघा आणि नळीखाली बशी किंवा लादीचा तुकडा ठेवा, म्हणजे गळलेला थेंब दिसतो आणि बेडिंगमध्ये मुरत नाही.

तिसरी: मूठ

वरचं बेडिंग कोरडंच लागतं, ते फसवतं. हात थेट तळापर्यंत घाला, घरट्याच्या खालचं आणि कोपऱ्यातलं मूठभर काढा, दहा अंक मोजेपर्यंत घट्ट दाबा आणि मूठ उघडा. कोरडं असेल तर पसरतं. लाडवासारखं वळलेलं राहिलं तर ओलं आहे. पांढऱ्या-करड्या तंतूंनी गुठळी धरलेली असेल तर ते आतल्या आत कुजायला लागलंय.

बाटली गळत नाही, मुताचा कोपराही नाही, तरी मूठ वळते? मग ओल हवेतून येते. आपल्या किनाऱ्यावर चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांखाली क्वचित येते. हॅम्स्टरला ४० ते ६० टक्के मानवतात. कागद आणि लाकूड दोन्ही हवेतलं पाणी ओढतात. खात्री करायची तर कोरडं बेडिंग २० ग्रॅम मोजून वाटीत घाला, रात्रभर पिंजऱ्याशेजारी उघडं ठेवा आणि सकाळी परत मोजा. गेल्या जुलैत माझं दीड ग्रॅमने वाढलं होतं. त्याच आठवड्यात पिंजरा बाहेरच्या भिंतीपासून आतल्या खोलीत हलवून पाहिलं तर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त वाढलं नाही. जागा बदलायला पैसे लागत नाहीत, म्हणून ती आधी बदला. पिंजरा जमिनीवर नको, कारण पाऊस सुरू व्हायच्या सुमारास लादीला पाणी सुटतं आणि पिंजऱ्याचा तळ बाहेरूनच ओलावतो. टेबलावर ठेवा, भिंतीपासून वीतभर पुढे. पंखा खोलीत चालू असू द्या, पण वारा थेट पिंजऱ्यावर नको.

पिंजरा म्हणजे चारी बाजूंनी काचेची टाकी असेल तर पावसाळ्यात जास्त जपा. काचेत दमट हवा बसून राहते. वरचं झाकण पूर्ण जाळीचं हवं.

याच वेळी त्याचा साठाही बघा. हॅम्स्टर गालात भरून आणलेलं सगळं अंथरुणाखाली पुरतो. सुके दाणे तसेच ठेवा, ती त्याची बेगमी आहे आणि ती काढून घेतली की तो बेचैन होतो. काकडी, सफरचंद, शिजवलेला दाणा असेल तेवढा काढा. बुरशी तिथूनच पसरते आणि मुंग्याही तिथेच येतात. मुंग्यांसाठी टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, आपल्या आज्या फडताळाचे ठेवायच्या तसे. औषधाचा खडू पिंजऱ्याच्या आसपास ओढू नका.

चौथी: धूळ

कोरडं असूनही शिंका येत असतील तर पाकिटातलं ताजं बेडिंग मूठभर घ्या आणि सकाळच्या तिरप्या उन्हाच्या पट्ट्यात झटका. ऊन नसेल तर अंधाऱ्या खोलीत बॅटरीच्या झोतात. बारीक पूड बराच वेळ तरंगत राहिली तर ती त्याच्या फुप्फुसात जाते. जाड भोकांच्या चाळणीने घराबाहेर चाळून घ्या. चाळल्यावरही धूळ उडत असेल तर ते पाकीट बाजूला ठेवा.

त्याच्या अंघोळीची वाळूही याच तपासणीत येते. समुद्र दाराशी आहे म्हणून किनाऱ्यावरची वाळू आणून घालणारे पुष्कळ आहेत. ती धुतल्याशिवाय वापरू नका, आणि धुतलीत तरी पावसाळ्यात नकोच. तिच्यातलं मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि ती कायम दमट राहते. शिंपल्यांचे धारदार कण असतात ते वेगळेच.

पाचवी: खोलीत आणखी कशाचा वास आहे?

या तपासणीसाठी मी एका हॅम्स्टरचे चार दिवस वाया घालवले, म्हणून सविस्तर लिहिते. बेडिंग कोरडं होतं, धूळ नव्हती, बाटली ठीक होती आणि तरी तो शिंकत होता. शेवटी नव्या बेडिंगची पिशवी नाकाशी नेली तेव्हा कळलं. मी ती गोधड्यांच्या कपाटात ठेवली होती आणि कपाटात डांबरगोळ्या होत्या. कागदाने तो वास पूर्ण पिऊन घेतला होता. त्या गोळ्यांतलं नॅप्थलीन एवढ्याशा जिवाला विष आहे. ती सगळी पिशवी फेकली आणि दोन दिवसांत शिंका थांबल्या.

डासांची अगरबत्ती, धूप, कापूर, फ्रेशनर, फिनेल, सगळं एकेक करून आठवा. गणपतीच्या आधी घराला रंग काढला जातो, तेव्हा पिंजरा रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत शेजाऱ्यांकडे ठेवा. आरती आणि धुपाचे दिवस आतल्या खोलीत काढू द्या. सुगंधी बेडिंग मिळतं, तेही याच कारणासाठी नको. लॅव्हेंडरचा वास आपल्यासाठी घातलेला असतो, त्याला तो नुसता त्रास.

सहावी: सात दिवस पांढरा टिश्यू

इथवर कारण सापडलं नाही तर ही चाचणी करा. लोक ती टाळतात, पण सगळ्यात जास्त उत्तरं हीच देते.

पिंजऱ्यातलं सगळं बेडिंग काढा. त्यातलं कोरडं, स्वच्छ असं मूठभर जुन्या वासापुरतं एका कापडी पिशवीत भरा आणि ती पिंजऱ्याबाहेर, जवळ टांगून ठेवा. एरवी मी जुनं बेडिंग परत घाला म्हणते, पण इथे ज्याच्यावर संशय आहे तेच आत राहता कामा नये. साध्या, बिनवासाच्या, बिनरंगाच्या टिश्यू पेपरचे हाताने लांब तुकडे फाडा आणि आठ-दहा सेंटीमीटर जाडीचा थर घाला. सात दिवस दुसरं काही नाही. ओला तुकडा दिसला की काढायचा आणि नवा घालायचा. पांढऱ्यावर सगळं दिसतं: मूत कुठे होतं, त्याचा रंग काय आहे, रक्ताचा ठिपका आहे का, किडे हलतात का.

रोज सकाळी वजन करा. स्टीलच्या डब्यात बसवून वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा लिहून ठेवा.

शिंका आणि खाज तीन-चार दिवसांत कमी झाली तर दोष बेडिंगचा होता हे पक्कं झालं. सातव्या दिवसापर्यंत काहीच फरक नाही तर बेडिंगला दोष देऊन आणखी दिवस घालवू नका. किडे, संसर्ग किंवा म्हातारपण, काहीतरी वेगळं आहे.

मादी पिल्लांवर असेल तर ही चाचणी करू नका. घरट्याला हात लागला तर ती पिल्लं मारू शकते. पहिले दोन आठवडे फक्त अन्न, पाणी आणि मुताचा कोपरा.

सातवी: घालायचं काय आणि काय नाही

टिश्यूवर बरा झाला, म्हणून जुनंच पाकीट पुन्हा उघडू नका. आधी ते कशाचं आहे ते बघा.

देवदार नको. पाइनचे ढलपे दुकानांत सगळ्यात जास्त मिळतात आणि पाकीट उघडल्यावर छान वास येतो. तोच वास धोक्याचा आहे. त्या लाकडातली उडून जाणारी तेलं श्वासमार्गाला झोंबतात आणि यकृतावर ताण आणतात. भट्टीत वाळवलेल्या पाइनमध्ये ती बरीच कमी होतात, तरी शिंकणाऱ्या जनावराला मी पाइन देत नाही. लाकडात अ‍ॅस्पन चांगलं, पण ते बाहेरून येतं आणि महाग पडतं.

"आपल्याकडे गिरणीत लाकडाचा भुसा फुकट मिळतो की!" हे दर वर्षी कुणीतरी म्हणतं. शिरोड्याहून एक मुलगा हॅम्स्टर घेऊन आला होता. हॅम्स्टरच्या हनुवटीखालचे सगळे केस गेलेले आणि कातडी तांबडीलाल. वडिलांनी गिरणीतून पोतंभर भुसा आणला होता. मी तो वर्तमानपत्रावर पसरला: पिवळा फणसाचा, तपकिरी सागाचा, मधेच चकचकीत कडांचे प्लायवूडचे कण. साग कापून सुताराच्या हातालाही खाज सुटते आणि प्लायवूडमध्ये डिंकाची रसायनं असतात. कुठल्या ओंडक्याला वाळवीचं औषध मारलंय ते गिरणीवाल्यालाही सांगता येत नाही. आणि करवतीचा भुसा हा ढलपा नसतो, ती पूड असते. टिश्यूवर बाराव्या दिवशी त्याच्या हनुवटीखाली लव दिसायला लागली. मुलाने मला तिचा फोटो पाठवला, तो मी अजून जपून ठेवला आहे.

कापूस नको, आणि 'हॅम्स्टरसाठी मऊ घरटं' म्हणून मिळणारा रंगीत कृत्रिम कापूस तर नकोच नको. आमच्या शेजारच्या काकी प्रेमाने सांगायच्या, "अगो, तेका थंडी वाजतली, वायच कापूस घाल." त्याचे तंतू पायाला गुंडाळतात, रक्त थांबतं आणि पाय जातो. गालात भरून गिळले तर आतडं अडतं. नारळाच्या काथ्याचंही तेच, तंतू लांब आणि चिवट. कोकोपीट (काथ्याचा भुगा) सुकं असताना धूळ उडवतं आणि दमट झालं की बुरशी धरतं. कोरड्या गावात ते चालत असेल, आपल्या पावसाळ्यात नाही. ओलं झाल्यावर गोळा होणारी मांजरांची वाळू पोटात गेली तर तिथेही गोळाच होतो.

भाताचं तूस टोकदार असतं. पेंढ्याची टोकंही डोळ्याला आणि गालाच्या आतल्या पिशवीला लागतात. पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. पेंढा पडवीत किंवा माळ्यावर असतो आणि तिथे उंदीर फिरतात. सिंधुदुर्गात लेप्टोचं भय काय असतं ते आपल्याला सांगायला नको. उंदराच्या मुतातून पसरणाऱ्या त्या रोगाला हॅम्स्टर इतका सहज बळी पडतो की प्रयोगशाळांत लेप्टोच्या अभ्यासासाठी हाच प्राणी वापरतात. पिंजरा साफ करणारा तुमचा मुलगाही त्याच अंथरुणात हात घालतो. उंदीर पोचू शकतो अशा जागी ठेवलेलं कोणतंही बेडिंग टाकून द्या, मग ते कितीही महागाचं असो.

मग चांगलं काय? बिनवासाचं, न रंगवलेलं कागदी बेडिंग. ते परवडत नसेल तर छापखान्यात न्यूजप्रिंटच्या रोलचा शेवटचा कोरा कागद मागा, हाताने पट्ट्या फाडा आणि वरून टिश्यू घाला. आमच्या घरात वर्षातले आठ महिने हेच असतं. छापलेलं वर्तमानपत्र नको, शाई पोटाच्या केसांना लागते आणि तो ती चाटतो. दुकानाच्या बिलांचा गुळगुळीत कागद आणि चकचकीत मासिकंही नकोत.

साठा आगोटीतच करून ठेवा. मे महिन्यात आपण सोलं, डाळी, मीठमसाला भरतो त्याच आठवड्यात बेडिंगही भरायचं. कडक उन्हात चादरीवर पसरून दोन दिवस वाळवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यांत भरा. गरम भरलंत तर आत दव धरेल. एकच मोठा पिंप भरू नका. लहान डबे करा, म्हणजे एक उघडला तरी बाकीच्यांना हवा लागत नाही.

आठवी: थर किती खोल

रानातला सीरियन हॅम्स्टर सीरिया आणि तुर्कस्तानच्या सीमेवरच्या कोरड्या शेतजमिनीत राहतो. तिथे मोजलेली त्याची बिळं सरासरी ६५ सेंटीमीटर खोल होती. आपण त्याला दोन बोटं बेडिंग देतो. स्वित्झर्लंडमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०, ४० आणि ८० सेंटीमीटर खोल अशा तीन थरांवर हॅम्स्टर ठेवले होते, आणि १० सेंटीमीटरवाले तारा सगळ्यात जास्त चावत होते. त्यामुळे तारा चावणारा हॅम्स्टर हट्टी आहे असं म्हणू नका, त्याला खणायला जागा नाही.

पण आपल्याकडे इथे एक अडचण आहे. खोल थर पावसाळ्यात तळाशी वाळत नाही. मी असं करते: ऑक्टोबर ते मे पिंजऱ्याच्या निम्म्या भागात २५-३० सेंटीमीटर आणि बाकी भागात १० सेंटीमीटर. जून ते सप्टेंबर खोल भाग १५-२० वर आणते आणि दर चार-पाच दिवसांनी तळातून मूठ काढून बघते. ओली निघाली तर तेवढाच भाग बदलायचा. बीळ कोसळत असेल तर कागदाच्या थरांमध्ये थोडं कोरडं, मऊ गवत घाला, भिंत धरून राहते.

नववी: किडे

टिश्यूवर बारीक ठिपके हलताना दिसले तर नवं बेडिंग बंद पिशवीत घालून ४८ तास फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर थंड कागदावर बाहेरची हवा पाणी धरेल आणि ओलीचा सगळा खटाटोप पुन्हा सुरू. फ्रीझरच्या काळात वीज गेली असेल तर तास परत मोजा. जनावराच्या अंगावरचे किडे मात्र फ्रीझरने जात नाहीत. कुत्र्याचं गोचीड-औषध थेंबभर लावून बघू नका. तो शंभर ग्रॅमचा जीव आहे, त्याचा थेंब डॉक्टरनेच मोजायचा.

कधी थांबायचं

शेपटीखाली ओलं, पातळ हगवण आणि पाठ वाकवून बसणं हे पिल्लांमध्ये जास्त दिसतं, विशेषतः दुकानातून नुकत्याच आणलेल्या सीरियनमध्ये. अशा वेळी एक-दोन दिवसांत जीव जातो. बेडिंग बदलून ते बरं होत नाही, त्याच दिवशी डॉक्टर. श्वासाला आवाज, तोंड उघडून श्वास, धाग्याने सुजलेला पाय, रिकामा न होणारा गाल, पूर्ण दिवस अन्नाला न शिवणं, मुतात रक्त, यालाही तोच नियम. चाचणीच्या आठवड्यात वजन दहा टक्क्यांनी उतरलं, म्हणजे १२० ग्रॅमचा १०८ वर आला, तर सात दिवस पूर्ण करू नका. केस गेलेल्या जागी खपली किंवा पू दिसला, किंवा टिश्यूवर सात दिवस होऊन फरक नाही, तरी जा.

घरातलं उरलेलं अँटिबायोटिक देऊ नका. अ‍ॅमॉक्सिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिनसारखी पेनिसिलिनच्या कुळातली औषधं आपल्याला आणि कुत्र्याला चालतात, पण हॅम्स्टरच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारून त्याचाच जीव घेतात. डॉक्टर लहान प्राणी नेहमी बघत नसतील तर नम्रपणे विचारा, "हे पेनिसिलिनच्या गटातलं नाही ना?" कुणी रागावलं नाही आजवर माझ्यावर.

तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाईगुरांच्या कामात असतो, तरी आधी तिथे फोन करा. पायाचा धागा सोडवणं, जखम साफ करणं तिथे होऊ शकतं आणि पुढे कुणाकडे जायचं ते तेच सांगतात. लहान प्राणी बघणारे डॉक्टर आपल्याला गोवा किंवा कोल्हापूरकडे शोधावे लागतात. त्यापुढे परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि शिरवळचं. हे नंबर मे महिन्यातच काढून भिंतीवर लावा. पावसात घाटात दरड आली तर कुठला रस्ता चालू आहे हे आधी विचारावं लागतं, त्यात नंबर शोधायचा वेळ नसतो.

नेताना लहान हवेशीर डब्यात त्याचंच टिश्यू घाला आणि पाण्याची बाटली काढून ठेवा, गाडीच्या हादऱ्याने ती पूर्ण गळते आणि तो भिजतो. पाण्याऐवजी काकडीची चकती. पहाटे निघा, उन्हात नको. सोबत वजनांची वही, मुताच्या डागाचा फोटो आणि ज्याच्यावर संशय आहे ते बेडिंग मूठभर, बंद पिशवीत. डॉक्टर ते उघडून वास घेतील.